बुजण्याचं वय

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्याच्या किनाऱ्यालगत माउंट डेझर्ट नावाचं बेट आहे. त्या बेटावरच्या बार हार्बर गावाजवळ 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात एकेक एकराची कुरणं उंच कुंपणांनी बंद केलेली होती. आत कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातीच्या कुत्र्या आपापली पिल्लं वाढवत होत्या. त्यांचं अन्नपाणी कुंपणातल्या फटीतून आत सरकवलं जाई. पिल्लांना आई होती, भावंडं होती, ऊन-पाऊस-गवत सगळं होतं. फक्त माणूस नव्हता. डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ऑरव्हिल एलियट या तीन संशोधकांनी तो मुद्दाम वगळला होता.

एकूण आठ वेतं, 34 पिल्लं. त्यांतली काही दोन आठवड्यांची असताना, काही तीन, काही पाच, काही सात आणि काही नऊ आठवड्यांची असताना बाहेर काढली गेली. प्रत्येक पिल्लाला एक आठवडाभर माणसांचा सहवास मिळाला, तोही दिवसाकाठी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन बैठकांमध्ये. मग त्याची रवानगी पुन्हा कुरणात. पाच पिल्लांच्या वाट्याला मात्र चौदा आठवड्यांपर्यंत एकदाही माणसाचा हात आला नाही. शेवटी सगळ्या नोंदी एकत्र पाहिल्या तेव्हा चित्र स्पष्ट होतं. तीन आठवड्यांची पिल्लं माणूस दिसताच जवळ आली होती. पाच आठवड्यांची सुरुवातीला दबकली, पण लवकरच रुळली. सात आठवड्यांच्या पिल्लांनी दोनेक दिवस घेतले, नऊवाल्यांनी त्याहून जास्त. आणि ती पाच? ती रानटी जनावरासारखी वागली. त्यांतल्या एकाला पुढे तीन महिने हाताने भरवलं, गोंजारलं, तरी फरक जेमतेम पडला.

या प्रयोगावरचा निबंध 1961 साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. अवघ्या दोन पानांचा. कुत्र्याचं पिल्लू जन्मतःच माणसाचं असतं या हजारो वर्षांच्या समजुतीला त्याने धक्का दिला. पिल्लाला माणसाळावं लागतं, आणि माणसाळण्याची मुदत संपते ती भीतीमुळे, असं आता आकड्यांनिशी सांगता येऊ लागलं.

त्याआधी भित्र्या कुत्र्याचा विचार बहुतेक रक्ताच्या भाषेत होई. स्वित्झर्लंडमधल्या ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ या केंद्रात जर्मन शेफर्डची पैदास करणाऱ्या एलियट हम्फ्री आणि ल्यूसिएन वॉर्नर यांनी 1934 साली ‘वर्किंग डॉग्ज’ हे पुस्तक लिहिलं. आवाजाला कुत्रं किती दचकतं, स्पर्शाला किती, याच्या नोंदी त्यांनी वंशावळीच्या अंगाने ठेवल्या. फ्रेडरिक थॉर्न याने 1944 साली कुत्र्यांच्या बुजरेपणाच्या वारशावर निबंध छापला. त्यातली पॉला नावाची बॅसेट हाउंड कुत्री भीतीने चावणारी होती, आणि कळपातल्या बुजऱ्या कुत्र्यांपैकी कितीतरी तिच्याच वंशातली निघाली. बिचारी पॉला आनुवंशिकतेच्या साहित्यात कायमची बदनाम झाली. पिल्लं तिच्याजवळ कशी वाढली, तिला बघून काय शिकली, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाच्या मनात येत नव्हता.

रशियात तो आला होता. पावलोव्हचे सहकारी विर्झिकोव्स्की आणि मायोरोव्ह यांनी 1933 साली पिल्लांचे दोन गट केले. एक पिंजऱ्यात वाढवला, दुसरा मोकळा. पिंजऱ्यातली पिल्लं मोठी होऊन भेकड निघाली. रक्तापेक्षा बालपणाकडे बोट दाखवणारा हा पुरावा होता, पण भेकडपणा नेमका कुठल्या दिवसांत मुरतो ते त्यातून कळत नव्हतं. त्यासाठी तारखा लागतात, आणि तारखांसाठी रोज सकाळी पिल्लांसमोर वही घेऊन बसणारी माणसं.

ती माणसं बार हार्बरला जमली, पण कुत्र्यांच्या प्रेमापोटी नव्हे. तिथली जॅक्सन प्रयोगशाळा क्लॅरेन्स कुक लिटल याने 1929 साली मोटारधंद्यातल्या श्रीमंतांच्या देणग्यांवर उभी केली होती, कर्करोगाच्या अभ्यासासाठी, आणि तिची ओळख होती शुद्ध वंशाच्या उंदरांमुळे. रॉकफेलर फाउंडेशनच्या अ‍ॅलन ग्रेग यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता: माणसाची बुद्धी आणि स्वभाव यांत वारसा किती? माणसांवर हा प्रयोग करता येत नाही. कुत्र्यांच्या जाती मात्र शेकडो वर्षांच्या निवडीतून तयारच होत्या. पैसा मिळाला, आणि 1945 साली जॉन पॉल स्कॉट हा पस्तिशीतला प्राणिशास्त्रज्ञ नव्या वर्तन विभागाचा प्रमुख म्हणून आला. शिकागोत सूअल राइट यांच्या हाताखाली त्याने आनुवंशशास्त्राचे धडे घेतले होते. पुढे जॉन फुलर त्याला येऊन मिळाला.

1947 च्या ऑक्टोबरात बेटावर वणवा पेटला. प्रयोगशाळेची मुख्य इमारत जळाली, हजारो उंदीर गेले, आणि पूर्वी इथूनच नेलेल्या उंदरांचे वंशज जगभरच्या संशोधकांनी परत पाठवले. कुत्र्यांचं ठाणं वेगळं होतं, हॅमिल्टन स्टेशन नावाच्या मालमत्तेवर. तिथलं काम पुढे चालू राहिलं.

स्कॉटच्या डोक्यात आणखी एक गोष्ट घोळत होती. त्याने पूर्वी एक कोकरू जन्मल्यापासून पहिले काही दिवस आईपासून दूर ठेवून बाटलीवर वाढवलं होतं. नंतर ते कळपात सोडलं, पण मोठेपणीही ते इतर मेंढ्यांपासून बाजूलाच चरत राहिलं. आपलं कोण हे अगदी सुरुवातीच्या दिवसांतच मनावर ठसतं, असं कॉनराड लॉरेंझ याने 1935 साली बदकांच्या आणि हंसांच्या पिल्लांवरून जे मांडलं, ते सस्तन प्राण्यांतही असावं, असा संशय त्याला आला. मग पाच जाती ठरल्या: बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग आणि वायरहेअर्ड फॉक्स टेरियर. आकाराने साधारण सारख्या, स्वभावाने अगदी वेगळ्या.

रोजच्या नोंदींतून पिल्लाच्या वाढीचे टप्पे आकाराला आले. पहिले दोन आठवडे आंधळे-बहिरे. पिल्लू फक्त ऊब आणि दूध ओळखतं. तेराव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, विसाव्याच्या आसपास कानांची भोकं मोकळी होतात, आणि पिल्लू पहिल्यांदा आवाजाने दचकतं. ही त्याची पहिली भीती, पण ती क्षणभराची असते. तिसऱ्या आठवड्यापासून त्याचं जग पसरतं. स्कॉट आणि मेरी-व्हेस्टा मार्स्टन यांनी 1950 साली या टप्प्यांना ‘निर्णायक काळ’ म्हटलं, आणि 1962 साली स्कॉटने त्यावर ‘सायन्स’मध्ये सविस्तर लिहिलं.

आलेखावर यात दोन रेषा दिसतात. अनोळखी गोष्टीकडे धाव घेण्याची ओढ तिसऱ्या आठवड्यापासून वाढते, पाचव्याच्या सुमारास कळसाला पोचते आणि उतरू लागते. अनोळखी गोष्टीपासून मागे सरण्याची वृत्ती पाचव्यानंतर चढू लागते. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पिल्लात दोन्ही असतं: उत्सुकताही आणि सावधपणाही. बाराव्या आठवड्यानंतर दुसरी रेषा वर निघून जाते. जंगलाच्या हिशेबाने पाहिलं तर यात काही वावगं नाही. बिळाच्या तोंडाशी बसलेल्या पिल्लाला आईबापच भेटतात, म्हणून प्रत्येकाशी ओळख करून घेणं फायद्याचं. पाय बळकट झाले, बिळापासून लांब जाणं सुरू झालं, की समोर येणारा प्रत्येकजण घरचा असेलच असं नाही.

बसेंजी पिल्लांनी या हिशेबाला रंग भरला. ही आफ्रिकेतल्या काँगो भागातून आलेली न भुंकणारी जात. पाच आठवड्यांची बसेंजी पिल्लं माणूस दिसताच किंचाळत पळत, कोपऱ्यात सापडली की चावायला येत. त्याच वयाचं कॉकर गुमान हाती येई. रोज हाताळल्यावर बसेंजीही भराभर निवळत. स्कॉट आणि फुलर यांनी दोन्ही जातींचा संकर केला तेव्हा संकरित पिल्लांचा बुजरेपणा बसेंजीच्या बाजूला झुकलेला निघाला. म्हणजे रक्त होतंच. पण ते भीतीला वेळ आणि जोर देत होतं, तिचं पुढे काय होणार ते ठरवत नव्हतं. हा सगळा संसार 1965 साली ‘जेनेटिक्स अँड द सोशल बिहेवियर ऑफ द डॉग’ या जाड ग्रंथात बांधला गेला. माणसाच्या बुद्धीसाठी मागितलेल्या पैशातून निघालेला तो ग्रंथ आज मुख्यतः कुत्रेवाले उघडतात.

बार हार्बरचं काम चालू असतानाच कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात, प्रश्न उलट्या बाजूने विचारला जात होता. डोनाल्ड हेब यांच्या गटाने स्कॉटिश टेरियर पिल्लं एकांतात, जवळजवळ काहीच दिसणार नाही अशा पिंजऱ्यांत वाढवली. आज कुठलीही नीती-समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते बरंच आहे. रोनाल्ड मेलझॅक याने पाहिलं की उघडणारी छत्री किंवा फुगणारा फुगा समोर आला की सामान्य पिल्लू सरळ दूर पळे. एकांतातलं मात्र कुठे जावं ते न कळून नुसतं सैरभैर होई. 1957 साली मेलझॅक आणि टी. एच. स्कॉट (हा बार हार्बरचा स्कॉट नव्हे) यांनी त्याहून विलक्षण गोष्ट नोंदवली. एकांतात वाढलेली कुत्री जळत्या काडीत नाक खुपसत, आणि चटका बसूनही पुन्हा खुपसत. नेमकी कुणाची भीती बाळगावी हेही शिकावं लागतं. याच मेलझॅकने 1965 साली पॅट्रिक वॉल याच्याबरोबर वेदनेचा प्रसिद्ध ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत मांडला.

प्रयोगशाळेतलं हे ज्ञान कुत्र्याच्या दोरीपर्यंत आणलं क्लॅरेन्स फॅफेनबर्गर या माणसाने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी कुत्री निवडण्याच्या कामात तो होता, आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या सान राफाएलच्या ‘गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड’ संस्थेत आला. अंधांना वाट दाखवणारं कुत्रं भित्रं असून चालत नाही. रस्त्यात ट्रक खडखडला आणि ते बिचकलं तर माणसाचा जीव जातो. 1946 साली शिकवायला घेतलेल्या कुत्र्यांपैकी जेमतेम नऊ टक्के तयार होत. फॅफेनबर्गरने बार हार्बरला जाऊन स्कॉटची गाठ घेतली, कोवळ्या पिल्लांच्या चाचण्या बसवल्या, पैदास सुधारली. उत्तीर्ण कुत्र्यांचं प्रमाण हळूहळू नव्वद टक्क्यांवर गेलं.

पण त्याच्या नोंदवहीतली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळी होती. चाचण्या पास झालेली पिल्लं बाराव्या आठवड्यानंतर ‘4-एच’ या ग्रामीण मुलांच्या मंडळांतल्या घरी वाढायला दिली जात. काही पिल्लांना घर मिळायला उशीर होई आणि ती कुत्राघरातच राहत. आठवड्याच्या आत बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के पुढे वाटाड्ये झाले. तीन आठवड्यांहून जास्त मागे राहिलेल्यांपैकी तीस टक्के. आई-बाप तेच, चाचण्या त्याच, अन्नही तेच. बदललं होतं फक्त पिंजऱ्यातलं रिकामं राहणं. फॅफेनबर्गरचं ‘द न्यू नॉलेज ऑफ डॉग बिहेवियर’ 1963 साली स्कॉटच्या प्रस्तावनेसह आलं आणि कुत्र्यांच्या धंद्यात ते घरोघरी वाचलं गेलं.

मग आला आठवा आठवडा.

मायकल फॉक्स हा इंग्लंडमधला तरुण पशुवैद्य काही काळ बार हार्बरला काम करून पुढे इलिनॉयमधल्या एका मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेला. (पुढे त्याने दक्षिण भारतातल्या ढोलांवर, म्हणजे आपल्या कोळसुंद्यांवर, पुस्तक लिहिलं.) 1966 साली त्याने आणि स्टेल्झनर याने वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना माणसाजवळ येताना विजेचा सौम्य झटका दिला. लहान पिल्लं विसरून पुन्हा जवळ आली. आठव्या-नवव्या आठवड्यातली मात्र दीर्घकाळ दूर राहिली. त्या वयात एकदा बसलेला धक्का खोल जातो, असा अर्थ निघाला. 1970 च्या दशकात ‘आठ ते अकरा आठवडे: भीती ठसण्याचा काळ’ ही ओळ श्वानपुस्तकांतून फिरू लागली. शस्त्रक्रिया नको, विमानप्रवास नको, कान कापणं नको, असे सल्ले तिच्यामागून आले.

गंमत अशी की कायद्याने नेमकं तेच वय निवडलं होतं. अमेरिकेत विमानाने पाठवायच्या पिल्लाचं किमान वय आठ आठवडे. भारतात 2017 च्या श्वानपैदास नियमांनीही आठ आठवड्यांखालच्या पिल्लाची विक्री बंद केली. हे नियम पिल्लाला आईपासून लवकर तोडू नये म्हणून आहेत आणि योग्यच आहेत. पण परिणाम असा की पिल्लू आई सोडतं, गाडीत बसतं, नव्या घरी येतं, पहिली सुई टोचून घेतं, ते सगळं बुजण्याच्या ऐन वयात. मुंबई-पुण्यात ऑगस्टअखेर जन्मलेलं पिल्लू घरी येतं तेव्हा कित्येकदा लक्ष्मीपूजनाची रात्र असते आणि खाली सुतळी बॉम्ब वाजत असतात.

कुत्रेवाल्यांना तारखा आवडतात. सरासरी म्हणून काढलेला आकडा त्यांच्या हाती पडला की त्याचं पंचांग होतं. ‘पिल्लू 49 व्या दिवशीच न्यावं’ हा त्यातला सर्वांत हट्टी नियम. जणू पन्नासाव्या दिवशी सकाळी पिल्लाच्या डोक्यात काहीतरी बंद होतं! शास्त्रज्ञांनी मात्र काळाच्या कडा सैल केल्या. ‘निर्णायक’ऐवजी ‘संवेदनक्षम’ म्हणायला सुरुवात केली. 2015 साली तीन जातींच्या 98 पिल्लांवर झालेल्या अभ्यासात भीतीने मागे सरणं कधी सुरू होतं ते मोजलं गेलं: जर्मन शेफर्ड लवकर बुजू लागले, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल बरेच उशिरा. एकच पंचांग दोघांना लागू होत नाही. जर्मन शेफर्ड घेणाऱ्याने हे लक्षात ठेवलं तर नंतरचा बराच मनस्ताप वाचेल.

भीतीची घटिका हलवता येते, हे सैबेरियातल्या कोल्ह्यांनी त्याहून ठसठशीतपणे दाखवलं. नोवोसिबिर्स्कमध्ये दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 साली सुरू केलेल्या प्रयोगात पिढ्यान्‌पिढ्या फक्त माणसाला न घाबरणारे रुपेरी कोल्हे निवडले गेले. त्यांच्या सहकारी ल्युदमिला त्रुत यांच्या नोंदीनुसार साध्या कोल्ह्याचं पिल्लू सहाव्या आठवड्याच्या सुमारास घाबरू लागतं, निवडलेल्या वंशातलं नवव्या किंवा त्याहूनही उशिरा. डोळे आणि कान उलट थोडे आधीच उघडतात. त्यामुळे ओळखीपाळखीचे दिवस दोन्ही टोकांनी लांबले. लांडग्यात ते आखूड असतात. कॅथरिन लॉर्ड यांनी 2013 साली दाखवलं की नाक, कान, डोळे लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या पिल्लात साधारण एकाच वयात काम करू लागतात, पण लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं असताना, नीट ऐकू-दिसू येण्याआधीच, चालू लागतं. त्याची पहिली शोधयात्रा नुसत्या वासावर होते. नंतर आवाज आणि दृश्यं आली की तीच त्याला नवी आणि भयंकर वाटतात.

दुसऱ्या भीतीकाळाची गोष्ट मात्र जपून घ्यावी. सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान कुत्रं पुन्हा एकदा कचऱ्याच्या डब्याला, टोपी घातलेल्या माणसाला, कालपर्यंत ओळखीच्या जिन्याला बुजतं, असं प्रशिक्षक सांगतात. अनुभव खोटे नसतात. पण बार हार्बरच्या तोडीचा प्रयोग यामागे नाही, आणि सहा ते चौदा महिने हा पट्टा इतका रुंद आहे की कुठलाही बिचकलेला तरुण कुत्रा त्यात बसतो. तारुण्यात काहीतरी ढवळतं एवढं मोजलं गेलंय. ब्रिटनमध्ये 2020 साली ल्यूसी अ‍ॅशर यांच्या गटाने वाटाड्या कुत्र्यांवर काम केलं, त्यात आठ महिन्यांची कुत्री आपल्या सांभाळणाऱ्याचं कमी ऐकत आणि परक्याचं बऱ्यापैकी ऐकत. ती नाठाळपणाची नोंद होती, भीतीची नव्हे.

या सगळ्याला पशुवैद्यांकडूनच मोठा अडथळा आला, आणि त्याला सबळ कारण होतं. 1978 साली पार्व्होव्हायरस जगभर पसरला आणि पिल्लं रक्ताळ जुलाबांनी पटापट मरू लागली. लसीचे सगळे डोस होईतो पिल्लाला घराबाहेर काढू नका, असा सल्ला रूढ झाला, म्हणजे सोळा आठवडे. तोवर माणसाळण्याची मुदत उलटून गेलेली असे. पार्व्होतून वाचलेलं पिल्लू मग भीतीने चावायला लागल्यावर घराबाहेर निघे. कॅलिफोर्नियात इयान डनबार या ब्रिटिश पशुवैद्याने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दोरी न लावता चालणारे पिल्लांचे वर्ग काढले आणि हा कोंडमारा फुटू लागला. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने 2008 साली जाहीर भूमिका घेतली: पहिली लस टोचून आठवडा झाला की सात-आठ आठवड्यांचं पिल्लूही वर्गाला आणावं. भारतातले अनेक डॉक्टर अजूनही आधीचाच सल्ला देतात. पार्व्हो इथे अजून जोरात आहे, म्हणून त्यांना सरसकट दोष देता येणार नाही. पण पिल्लाला उचलून खिडकीपाशी, रिक्षात, शेजाऱ्यांच्या ओट्यावर नेता येतं, जमिनीवर न सोडता.

विकत न घेतलेल्या, गल्लीत जन्मलेल्या पिल्लांचं काय? कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने बंगालच्या रस्त्यांवरची कुत्री वर्षानुवर्षं पाहिली. 2016 च्या त्यांच्या नोंदीत 95 वेतांमधली 364 पिल्लं होती. वयात येईपर्यंत जगली ती 19 टक्के. मेलेल्यांपैकी 63 टक्क्यांच्या मृत्यूत माणसाचा हात होता, गाडीखाली, मारून किंवा उचलून नेऊन. बार हार्बरच्या कुंपणात माणूस नव्हता. इथे तो रोज समोर असतो, पोळी टाकणाराही आणि दगड मारणाराही. पुढच्या वर्षी याच गटाने झाकलेल्या दोन वाट्या ठेवून एकीकडे बोट दाखवण्याचा प्रयोग केला. कोवळी पिल्लं बोटाच्या दिशेने निमूट गेली. थोडी वाढलेली कुत्री कचरत मागे राहिली. प्रौढ कुत्री आधी माणूस पारखत: एकदा फसवलं, तर पुढच्या वेळी त्याच्या बोटाकडे पाहून ती निर्णय बदलत.